फॉर्म भरलाय, पण कुठल्या दाराचा?

विक्रोळीहून एका आईचं चार पानी पत्र आलं आहे. मुलाचं नाव बदलून, कामापुरता भाग इथे देते:

"ताई, आम्ही कन्नमवार नगरात राहतो. मिस्टर एका खासगी कंपनीत स्टोअरला आहेत, मी घरी ब्लाउज शिवते. ओंकार एकुलता एक. यंदा बारावी सायन्स झाला, पीसीएमला ७६ टक्के. जेईईत फार काही झालं नाही. गेल्या महिन्यात अठरा पूर्ण झाली. आठवीत असताना शाळेने युद्धनौका बघायला नेलं होतं, तेव्हापासून 'मी नेव्हीत जाणार' हेच चालू आहे. आता आम्हाला न विचारता अग्निवीरचा फॉर्म भरून बसलाय. वडील म्हणतात, आधी इंजिनिअरिंग कर, मग काय ते बघू. माझ्या भावाच्या ओळखीचा एक माणूस म्हणतो, मर्चंट नेव्हीत घाला, साडेतीन लाख भरा, वर्षाच्या आत बोटीवर, पगार डॉलरमध्ये. घरात तिघांची तीन तोंडं. जेवणाच्या बाबतीत हा मुलगा भारी नखरेल, तिथे काय खाईल देव जाणे. मला खरं सांगा, या नोकरीत मिळतं काय आणि जातं काय? आणि तो गेला तर मी या घरात दिवसभर करू काय?"

ओंकारच्या आई,

'आम्हाला न विचारता' वाचून हसू आलं. आमच्या ह्यांनी १९८३ साली अगदी हेच केलं होतं. सासूबाईंना कळलं ते पोस्टमनने कॉल लेटर हातात ठेवलं तेव्हा. त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच बेसनाचे लाडू वळायला बसल्या.

मी कुठून बोलतेय ते आधी सांगते. मी स्वतः गणवेश घातलेला नाही. मी नेव्हीवाल्याची बायको. हे इंजिनरूममधले, आर्टिफिसर, म्हणजे यंत्रं सांभाळणारे खलाशी. लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत शिकले, वीस वर्षं नोकरी केली आणि सदतिसाव्या वर्षी पेन्शन घेऊन घरी आले. म्हणजे मी नौदल पाहिलं ते धक्क्यावरून, हातात डबा आणि कडेवर मुलगी घेऊन. जहाजाच्या आतलं जे सांगेन ते ह्यांच्याकडून ऐकलेलं.

आधी भावाच्या ओळखीच्या माणसाचा विषय संपवू, कारण तिथे पैसे गुंतायची भीती आहे. आपल्याकडे कोणी 'बोटीवर आहे' म्हटलं की सगळे एकाच तराजूत तोलतात. नौदल म्हणजे संरक्षण दल. मर्चंट नेव्ही म्हणजे मालवाहू आणि तेलवाहू जहाजांवरची खासगी नोकरी. तिथे चार-सहा-नऊ महिन्यांचा करार असतो, करार संपला की पगारही थांबतो, आणि पेन्शन, क्वार्टर, कॅन्टीन यातलं काही नाही. धंदा वाईट नाही, बरं का. कोकणातली आणि मुंबईतली कितीतरी घरं त्यावर उभी राहिली आहेत. पण त्याचा सरळ रस्ता इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीच्या सीईटीतून जातो. नव्या मुंबईत करावे इथे टी. एस. चाणक्य आहे, तिथे हेच शिकवतात. भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, म्हणजे डीजी शिपिंगचा. मान्य संस्थांची आणि परवानाधारक कंपन्यांची यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे. आणि परवाना असलेल्या कंपनीने नोकरी लावून द्यायचे पैसे मुलाकडून घ्यायचे नसतात. त्या माणसाला एवढंच विचारा: 'तुमचा परवाना क्रमांक काय, आणि साडेतीन लाखांची पावती कुठल्या नावाने देणार?' आमच्या ओळखीतल्या कल्याणच्या एका मुलाने असेच पैसे भरले. चढला एका जुनाट जहाजावर, परदेशातल्या बंदरात. पाच महिने पगार नाही, पासपोर्ट कप्तानाकडे, शेवटी घरच्यांनीच तिकिटाचे पैसे पाठवून परत आणला. ओंकारला मर्चंट नेव्ही हवी असती तर वेगळं बोलले असते. त्याला ती नकोच आहे. मग हा विषय घरात काढायचंच कारण नाही.

राहिले बापलेक. मला विचाराल तर त्या दोघांचं भांडण नाहीच, दोघांनाही तसं वाटतंय एवढंच. तुमच्या घरात 'नेव्ही की इंजिनिअरिंग' असं चाललंय. खरा प्रश्न वेगळा आहे: नेव्हीत जायचंच, तर कुठल्या दारातून? नौदलाला दारं अनेक आहेत आणि प्रत्येक दाराच्या आत वेगळं घर आहे. त्यातलं कुठलं दार किती वर्षं उघडं राहणार, हे वयावर ठरतं. ओंकारने समोर दिसलं ते दार ठोठावलंय. कुणीतरी त्याला आधी सगळी दारं दाखवायला हवी होती.

अग्निवीरचं, म्हणजे खलाशाचं दार आधी घेऊ. जून २०२२ मध्ये ही योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस हे वय. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात, हातात २१,००० येतात. चौथ्या वर्षी ४०,०००, हातात २८,०००. निधीत सरकार तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांनी व्याजासकट सुमारे ११.७१ लाख मिळतात, त्यावर आयकर नाही. ४८ लाखांचा विमा असतो. वर्षाला ३० दिवस रजा. चार वर्षं लग्न करायचं नाही, अर्थात त्याची तुम्हाला सध्या काळजी नसणार. आता मुद्द्याचं: चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के मुलांना पुढे कायम करतात. बाकीच्यांना पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. म्हणजे चारातली तीन मुलं बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी अकरा-बारा लाख घेऊन घरी. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, हे खरं. पण नौदलाची पहिली तुकडी ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर दाखल झाली २०२२ च्या अखेरीस, आणि तिची चार वर्षं भरतात २०२६ च्या अखेरीस. म्हणजे 'अमक्याच्या मुलाचं पुढे चांगलं झालं' असं सांगणारा जुना माणूस या वाटेवर नाही. आमच्या ह्यांचं उदाहरण ओंकार देत असेल, किंवा चाळीतल्या कुणा रिटायर्ड चीफ पेटी ऑफिसरचं, तर त्याला सांगा की ती माणसं ज्या दारातून गेली ते दार आता तसं राहिलेलं नाही. त्या वेळी पंधरा वर्षं काढली की पेन्शन पक्की होती.

याचा अर्थ अग्निवीर वाईट असा घेऊ नका. ज्या घरी बारावीनंतर शिकवायला पैसे नाहीत, त्या घरच्या मुलाला अठराव्या वर्षी पगार, शिस्त आणि हाताला कसब मिळतं, ही लहान गोष्ट नाही. शिवाय त्या पंचवीस टक्क्यांत येण्याची ईर्षा असेल तर पुढे कायमची नोकरी आहेच. पण तुमच्या मुलाला पीसीएमला ७६ टक्के आहेत! त्याने अधिकाऱ्याचं दार न ठोठावताच परत फिरू नये, एवढंच माझं म्हणणं.

अधिकाऱ्याच्या दारांपैकी दोन आत्ता उघडी आहेत. एक एनडीए, म्हणजे खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी. यूपीएससी वर्षातून दोनदा परीक्षा घेते, नौदलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. वयाची कमाल मर्यादा साडेएकोणीसच्या आसपास. म्हणजे ओंकारच्या हातात एक-दोन संधी आहेत, जन्मतारखेची अट जाहिरातीतून ताडून बघा. दुसरं दार बारावीनंतरच्या बी.टेक. कॅडेट एंट्रीचं. पीसीएमला ७० टक्के आणि इंग्रजीला ५० टक्के लागतात, ते त्याच्याकडे आहेत. एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, बोलावणं जेईई मेनच्या क्रमांकावर येतं, म्हणून जेईई पुन्हा द्यावी लागेल. निवड झाली तर केरळात एळीमलाच्या नौदल अकादमीत चार वर्षं राहणं, खाणं, शिकणं सरकारी खर्चाने, आणि बाहेर पडताना हातात इंजिनिअरची पदवी आणि खांद्यावर सब-लेफ्टनंटची पट्टी. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे मूळ पगार ५६,१००, वर १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, शिवाय महागाई भत्ता. हे आकडे मी यासाठी सांगते की साहेब आणि खलाशी यांच्यातलं अंतर किती आहे ते कळावं. ते अंतर पगारापुरतं नसतं. राहण्याची जागा, जेवण्याची मेस, मुलांची मैत्री, सगळीकडे ते असतं. मी ते बारा वर्षं बघितलंय आणि त्याबद्दल मला कडवटपणा नाही, पण डोळे मिटून घ्यायचंही कारण नाही. खलाशातून अधिकारी होता येतं. वाट आहे, पण अरुंद.

आणि समजा ही दोन्ही दारं यंदा नाही उघडली. मग ओंकारच्या वडिलांचं ऐकायचं आणि इंजिनिअरिंगला जायचं. कारण अधिकाऱ्याचं तिसरं दार पदवीनंतर उघडतं आणि तिथे बहुतेक शाखांना इंजिनिअरिंगच लागतं. सीडीएस या यूपीएससीच्या पदवीनंतरच्या परीक्षेतून नौदलात जायलासुद्धा इंजिनिअरिंगचीच पदवी मागतात. बघा, वडिलांनी नकळत नेव्हीचाच रस्ता सांगितला होता. हे त्या दोघांना एकत्र बसवून सांगा, चहा ठेवून. मात्र पदवीनंतर जे शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळतं ते ठरावीक वर्षांपुरतंच असतं. त्याला पेन्शन नाही. तेही आधीच माहीत असावं.

अग्निवीरसाठी वय एकवीसपर्यंत आहे. म्हणजे त्याचं दार अजून अडीच-तीन वर्षं उघडं राहील आणि एनडीएचं वर्षाभरात बंद होईल. मग आधी कुठलं ठोठवायचं ते तुम्हीच सांगा. भरलेला फॉर्म राहू दे. परीक्षेचा सराव होईल.

आता तुमचा मूळ प्रश्न, मिळतं काय आणि जातं काय.

माझी मुलगी कुलाब्याच्या अश्विनी हॉस्पिटलात झाली. गुंतागुंतीचं बाळंतपण होतं, नऊ दिवस राहिले, एक पैसा भरला नाही. चाळीत राहणाऱ्या माझ्या बहिणीला त्याच वर्षी सिझरिंगसाठी पाटल्या मोडाव्या लागल्या. 'सुविधा' म्हणतात त्या या. कॅन्टीनमधला स्वस्त मिक्सर हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा भाग, पण नातेवाइकांना तेवढाच दिसतो. 'वहिनी, तुमच्या कॅन्टीनमधून एक प्रेशर कुकर...' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल!

दुसरं, हाताला आलेलं काम. ह्यांनी लोणावळ्याला फायलिंगपासून सुरुवात केली. लोखंडाचा ठोकळा घासून चौकोनी करायचा, काटकोन चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आज सोसायटीचा पंप बिघडला की प्लंबरच्या आधी ह्यांना हाक येते. निवृत्त झाल्यावर एका कारखान्यात बॉयलरवर नोकरी लागली ती त्या हातांमुळे.

तिसरं शब्दांत पकडायला कठीण आहे. मे २०२१ मधलं तौक्ते वादळ आठवतं? मुंबईत झाडं पडत होती, आपण खिडक्या लावून बसलो होतो. तेव्हा बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ नावाचा तराफा बुडाला, त्यावर २६१ माणसं होती. आयएनएस कोची आणि आयएनएस कोलकाता त्या समुद्रात गेल्या आणि रात्रभर पाण्यातून माणसं उचलत राहिल्या. दीडशेच्या वर वाचली, बरीच गेलीही. ह्यांना निवृत्त होऊन तेव्हा अठरा वर्षं झाली होती. टीव्हीसमोर बसून हे आपल्याच तंद्रीत बोलत होते, "आता इंजिनवाल्यांची खरी परीक्षा, एवढ्या लाटेत जहाज एका जागी धरायचं म्हणजे..." ताटातली भाकरी तशीच होती. नोकरी सोडून अठरा वर्षं झाल्यावर कारकुनाला ऑफिसबद्दल असं वाटतं का, मला ठाऊक नाही.

जातं काय? आधी वेळ. लग्नानंतरच्या नोकरीच्या बारा वर्षांत हे गणपतीला घरी होते चार वेळा. विसर्जनाला मूर्ती उचलायला शेजारचे काका. सेलिंग तीन आठवड्यांचं म्हणून सांगितलेलं, पाच होतात, आणि का झाले ते सांगायचं नसतं. मी कालनिर्णयावर तारखांना टिकल्या लावत असे. एक दिवस गेला की एक टिकली. मुलगी मोजायला शिकली ती त्या टिकल्यांवर. एकदा सेलिंग इतकं वाढलं की पाकीटच संपलं, तेव्हा तिने कुंकवाचं बोट टेकवून काम भागवलं. ते पान अजून आहे आमच्याकडे.

एक संध्याकाळ मी विसरत नाही. जहाज आज येणार असा निरोप होता. मी डबा घेऊन नौदल गोदीच्या लायन गेटला गेले. तासाभराने कळलं, धक्क्यावर जागा नाही, जहाज बाहेरच नांगरलंय, उद्या आत येईल. मग मुलीला घेऊन गेटवेला जाऊन बसले. काळोखात दूर दिवे दिसत होते. त्यातला कुठला ह्यांचा ते कळेना, तरी ती एकेका दिव्याला हात करत होती. डब्यातली वालाची उसळ आम्ही दोघींनी तिथेच कठड्यावर बसून खाल्ली.

बदल्यांबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो विषय काढला की मी थांबत नाही. मुलीच्या तीन शाळा झाल्या. एका शहरात एका शाळेने जूनमध्ये प्रवेश देतो म्हणून सांगितलं आणि ऑगस्टपर्यंत झुलवत ठेवलं. बायकोची नोकरी टिकत नाही. मी बी.एड. होते. सहा ठिकाणी सुरुवात केली, एकाही ठिकाणी कायम झाले नाही. ओंकारचं लग्न ठरवाल तेव्हा हे लक्षात ठेवा, त्या मुलीला आधी सांगा.

मग जहाजावरचं रोजचं. मुलांना डेक दिसतो, पांढरा गणवेश दिसतो, निळं पाणी दिसतं. आठवीच्या सहलीत इंजिनरूम दाखवत नाहीत. तिथे उकाडा, आवाज आणि डिझेलचा वास. ह्यांचा बॉयलर सूट मी तीनदा धुतला तरी वास जात नसे. शेवटी त्याच्यासाठी वेगळी बादलीच ठेवली होती. समुद्रात चार-चार तासांचा वॉच, म्हणजे कामाची पाळी, मध्यरात्री बारा ते चारचीसुद्धा. बंकवर झोपायचं, वरचा घोरतो, खालचा ओकतो. हो, बोट लागते. पहिल्या सेलिंगला बहुतेकांना लागते आणि बोट लागली म्हणून वॉच चुकत नाही. बादली शेजारी ठेवून उभं राहायचं. गोडं पाणी जपून वापरायचं. आणि आजच्या मुलांसाठी सगळ्यात अवघड म्हणजे फोन. हेरगिरीची प्रकरणं निघाल्यावर डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाने युद्धनौकांवर, तळांवर आणि गोद्यांमध्ये स्मार्टफोनवर बंदी घातली, फेसबुकही बंद केलं. ओंकारला उद्या सकाळपासून आठ दिवस फोन तुमच्याकडे द्यायला सांगा. मी गंमत करत नाही. एसएसबीच्या क्लासपेक्षा ही चाचणी जास्त सांगून जाईल.

धोक्याचं तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत, पण मनात असणार. ९ डिसेंबर १९७१ ला आयएनएस खुकरी बुडाली, तिच्याबरोबर १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. ते युद्ध होतं. पण १४ ऑगस्ट २०१३ ला सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाला तो युद्धात नाही, आपल्या मुंबईच्या गोदीत, धक्क्याला बांधलेली असताना. अठरा जण गेले. दारूगोळा, इंधन आणि माणसं एकाच पत्र्याच्या पेटीत राहतात तिथे धोका शून्य कधीच नसतो. रोज ठाण्याहून लटकत येणाऱ्यालाही नसतो, असं हे म्हणायचे. मला तो युक्तिवाद कधी पटला नाही.

आणि एक: ही नोकरी आवडली नाही म्हणून सोडता येत नाही. आयटीत महिन्याची नोटीस देऊन माणूस निघतो. इथे चार वर्षं म्हणजे चार वर्षं. साहेब वयाने लहान असला, चुकीचं बोलला, तरी 'येस सर'. ओंकार घरात उलट उत्तरं देतो का? थोडी देत असेल तर हरकत नाही, ती सगळीच देतात. पण कुणी सर्वांसमोर बोललं तर तो दोन दिवस कोंडून घेतो का, ते तुम्हालाच माहीत असेल.

जेवणाची काळजी मात्र सोडा. याच मुंबईत 'तलवार' या तळावर १८ फेब्रुवारी १९४६ ला खलाशांनी खराब जेवणावरून ताटं नाकारली आणि त्यातून इंग्रजांचं सिंहासन हललं. आज मेसमध्ये पोटभर आणि बरं मिळतं. नखरे चिल्कावर पहिल्या आठवड्यात उतरतात. पहाटे उठवून पळवलं की भोपळासुद्धा गोड लागतो. आमचे हे तर दुधीची भाजी मागून खायला लागले. सासूबाई मला विचारायच्या, "काय घातलंस ह्यात?"

आता करायचं काय ते सांगते. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि रंगांधळेपणाची तपासणी करून घ्या, ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे वाचायला लावतात ती. पाच मिनिटांचं काम. माझ्या मैत्रिणीच्या मुलाने दोन वर्षं क्लास केला, लेखी पास, एसएसबी पास, आणि मेडिकलला कळलं की त्याला हिरवा आणि तांबडा नीट वेगळे दिसत नाहीत. कुणाचीच चूक नव्हती. पण ते दोन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं. डोळ्यांबरोबर कान आणि तळपायही दाखवा. अंगावर टॅटू काढायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडायला सांगा.

मग पळणं. अग्निवीरला मुलांसाठी १.६ किलोमीटर साडेसहा मिनिटांत आहे. विक्रोळीत सकाळी साडेपाचला रस्ता मोकळा असतो, घड्याळ लावून पळू दे. पोहता येतं का? नेव्हीत जायचंय आणि पोहता येत नाही अशी मुलं दरवर्षी डझनांनी असतात. तिथे शिकवतात, पण भेदरलेल्या मुलाला शिकवणं आणि तयारीच्या मुलाला शिकवणं यात फरक आहे. मुलुंडला महापालिकेचा तरणतलाव आहे, तुम्हाला जवळ पडेल.

एसएसबी पाच दिवसांचं. पहिल्याच दिवशी चाळणी लागते आणि निम्म्याहून जास्त मुलं दुपारच्या गाडीने परत. तिथे गुण विचारत नाहीत. दहा मुलांच्या गटात कुणी कुणाचं ऐकत नसेल तेव्हा हा काय करतो, ते बघतात. इंग्रजी फाडफाड नसलं तरी चालतं, अडखळून का होईना बोलला पाहिजे. घरात रोज अर्धा तास वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावा. तुम्ही मशीनवर बसलेल्या असताना वाचेल, तुमचीही करमणूक.

ज्यांची मुलं आत्ता नववी-दहावीत आहेत त्या वाचकांसाठी जाता जाता: छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, १९७७ पासून. दहावीत असताना परीक्षा देऊन अकरावी-बारावीला तिथे राहून एनडीएची तयारी करता येते. ओंकारला उशीर झाला, तुम्हाला नाही. आणि मुलींच्या आयांनो, २०२२ पासून एनडीएत मुली आहेत आणि अग्निवीरमध्येही. 'मुलींना घेत नाहीत' हे आता सांगू नका.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तो गेल्यावर दिवसभर करायचं काय. सासूबाईंनी काय केलं ते सांगते. ह्यांच्या पहिल्या सेलिंगला त्या रोज संध्याकाळी दारात बसायच्या. दुसऱ्या सेलिंगला शेजारच्या दोन नेव्हीवाल्यांच्या आया येऊन बसायला लागल्या. तिसऱ्यापर्यंत त्या तिघींची भिशी सुरू झाली होती. तुमच्याकडे तर ब्लाउजची गिऱ्हाईकं आहेत, तुम्हाला कुणी दारात बसू देणार नाही.

डोळ्यांचा रिपोर्ट आला की कळवा. कालनिर्णय घरात असेलच. टिकल्यांचं पाकीट मोठं आणून ठेवा, सेलिंग वाढतं.

तुमची,
ताई